'गॉटन' म्हणणारा खरंच चुकतो का?

गेट, गॉट, गॉट. शाळेत आपण सगळ्यांनी हे घोकलंय. त्यामुळे अमेरिकन माणूस 'गॉटन' म्हणाला की आपल्याला वाटतं, या लोकांनी इंग्रजीची पार वाट लावली!

इतिहास मात्र उलटा आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'गॉटन' आहे. सतराव्या शतकात जी माणसं इंग्लंडमधून जहाजात बसून अमेरिकेला गेली, ती हे रूप सोबत घेऊन गेली. पुढे इंग्लंडने ते जवळपास टाकून दिलं, अमेरिकेने जपलं. त्याच बायबलात 'हेल्प'चं 'होल्पन' आहे. त्याचाच भाऊ 'होल्प' अमेरिकेच्या दक्षिणेत खेड्यापाड्यांत विसाव्या शतकापर्यंत ऐकू येत होता.

सगळंच जुनं टिकलं असंही नाही. 'डाइव्ह'चं जुनं रूप 'डाइव्ह्ड'. पण 'ड्राइव्ह-ड्रोव्ह'च्या चालीवर अमेरिकेत 'डोव्ह' रुळलं. १९३१ पासून अभ्यासकांनी तिथे गावोगाव फिरून लोकांची बोली टिपली. त्या नोंदींवरून ई. बॅगबी ॲटवूड यांनी १९५३ मध्ये पूर्वेकडच्या राज्यांतल्या क्रियापदांच्या रूपांवरच एक पुस्तक काढलं. उत्तरेत 'डोव्ह', दक्षिणेकडे 'डाइव्ह्ड', असा चक्क नकाशा दिसतो.

आता 'ईट'चा भूतकाळ घ्या. ब्रिटनमध्ये शिकलेली माणसंही तो ऱ्हस्व 'एट' असा उच्चारतात. अमेरिकेत 'एइट' म्हणायचं. तिथे 'एट' म्हणणारा अडाणी ठरतो. उच्चार तोच, पण एका देशात चालतो आणि दुसऱ्या देशात हसू होतं. मग चूक व्याकरणाची की ऐकणाऱ्याच्या नजरेची?

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. कोल्हापूर-सोलापूरकडचं पोरगं 'मी गेलतो' म्हणतं. ते 'गेलो होतो'चंच आखडलेलं रूप आहे, आणि त्या भागात सगळे ते एकाच नियमाने वापरतात. तरी शहरातल्या वर्गात त्यावर हशा पिकतो, आणि ते पोरगं पुढच्या वेळी हात वर करत नाही.

प्रमाण रूप शिकवावं, परीक्षेत तेच लिहून घ्यावं. याला कुणाचाच विरोध नाही. पण 'इथे असं लिहितात' असं सांगणं वेगळं आणि 'तुझी भाषाच चुकीची' असं सांगणं वेगळं. शिक्षक मंडळींनी आणि आपण पालकांनी एवढा फरक पाळला तरी पुष्कळ झालं.