दान कुणाचे, घाम कुणाचा?

केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजची दाती म्हणून एलिझाबेथ डी बर्ग या उमराव विधवेचे नाव घेतात. जन्म १२९५चा. भाऊ १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत पडला आणि क्लेअर घराण्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तिच्याकडे आला. १३२२पर्यंत तीन नवरे मेले. चौथा तिने केला नाही. १३३८ साली तिने १३२६च्या एका गरीब विद्यागृहाला हात दिला. १३५९च्या नियमांत दहा गरीब मुलांची सोय लावली. तिचे मोठेपण मला नाकारायचे नाही. पण पैसा आला कुठून? जमीन कसणाऱ्यांच्या राबण्यातून, आणि त्यांत भूदास होते. त्या काळच्या इंग्लंडात भूदासाला पोरगा शाळेत घालायचा तर मालकाची परवानगी लागे. न विचारता घातला तर दंड. जमीनदारी कचेऱ्यांच्या दप्तरांत तशा नोंदी आहेत. शाळेपायी दंड म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको! शाळेची मोकळीक कायद्याने सर्वांना मिळाली १४०६ साली, म्हणजे ती वारल्यावर शेहेचाळीस वर्षांनी. आणि खुद्द बाईच्या जातीला तिच्या या कॉलेजात विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला तो १९७२ साली.