चुलाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस

पांझरेकाठच्या फड पद्धतीविषयी लिहिताना आपण बंधारे, पाट आणि पाणीवाटप यांपाशीच थांबतो. त्याच पाण्यावर एका फडात ऊस उभा राही आणि तो पुढे गुऱ्हाळात जाई. आजचा धागा त्या गुऱ्हाळाचा.

काहिलीपाशी गुळव्या, खाली चुलाणाच्या तोंडाशी जाळ घालणारा. मान गुळव्याला, धग याला! मेपलचा पाक करणारे कॅनडातील शेतकरी लाकडाचे ओंडके टाकून भट्टीचे लोखंडी दार मिटून घेऊ शकतात. येथे सरपण म्हणजे वाळलेली चिपाडे. ती भडकन पेटतात नि तितक्याच लवकर संपतात. म्हणून तोंडाशी बसून सतत आत सारत राहावे लागे.

आरंभी जाळ मंद हवा, मळी वर यावी म्हणून. पुढे मात्र कसोटी. मेपलचा पाक सुमारे १०४ अंश सेल्सिअसला उतरवतात. गुळाचा पाक ११८ च्या आसपास. तेथे गुळव्याने खूण करताच जाळ मागे ओढला नाही, तर काहीलभर रस करपलाच.

१८७० च्या दशकात बिहारमधील बिहियाचा लोखंडी चरक आला आणि उसाची पिळाई पालटली. चुलाणापुढची बैठक तशीच राहिली.