जुन्या नाण्याचे मोल

जुने नाणे हाती आले की आपण विचारतो, "हे किती वर्षांचे?" संग्राहक हा प्रश्न शेवटी विचारतो. दोन हजार वर्षांची कित्येक नाणी अल्प किमतीत मिळतात. नुसत्या वयाला बाजारात भाव नाही. संग्राहक पाहतो ते असे: त्या जातीची नाणी किती उरली, मुद्रा शाबूत आहे की झिजली, आणि ठसा मधोमध बसला की कडेला घसरला. हातोड्याने ठोकलेल्या नाण्यावर सबंध लेख उमटणे विरळाच. म्हणून तशा नाण्याला चढा भाव.

पण या नियमालाही अपवाद आहे, आणि तो आपल्या नाशिक जिल्ह्यातला आहे. १९०६ साली गोदाकाठच्या जोगळटेंभी येथे क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५०. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राजाच्या मुखवट्यावरच परक्याची चैत्याची खूण! एरवी अशा नाण्याला कोणी 'बिघडलेले' म्हणेल. येथे मात्र तो बिघाडच इतिहास झाला. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला असे नाशिकच्या लेण्यातील लेख सांगतो. त्या लेखाला चांदीची साक्ष मिळाली.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. नाणे पाहिले की आम्हाला राजापेक्षा ते ज्यांच्या हातांतून फिरले त्यांची आठवण होते. नहपानाचा जावई उषवदात याचा लेख त्याच लेण्यांत आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण कायमचे ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे झाले २४०. त्यांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. राजाचा जावई आपली ठेव विणकरांच्या संघटनेकडे निर्धास्तपणे ठेवतो, ही पत त्या काळी मागवाल्यांची होती! राजे बदलले, ठसे बदलले. माग चालवणारे हात तेच राहिले असतील.

म्हणूनच चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटते: नाणे सापडले कोठे व कोणाबरोबर. जोगळटेंभीची नाणी सुटी सुटी सराफाच्या मुशीत गेली असती, तर चांदीचा भाव तेवढा आला असता. दर तीन नाण्यांमागे दोहोंवर नवा ठसा आहे, हे मात्र कोणालाच कळले नसते. ही गोष्ट एका नाण्याला सांगता येत नाही, सबंध साठ्यालाच सांगता येते.

नांगराला हंडा लागला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास देणे बंधनकारक आहे. कायदा जुना आहे, पण त्यामागचा विचार आम्हाला पटतो. नाण्याची किंमत लिलावात ठरेल. त्याची साक्ष मात्र सर्वांच्या मालकीची आहे, आणि ती मोडून विकण्याचा हक्क कोणालाच नाही.