नीळ की पिवडी?

आमच्या लहानपणी नाशिकरोडच्या चाळीत शेड कार्ड वगैरे प्रकार नव्हता. दिवाळीआधी चुना भिजवायचा, आणि त्यात नीळ घालायची की पिवडी एवढाच प्रश्न. गेरू असे, पण तो जमिनीलगतच्या पट्ट्यापुरता.

दोनच रंग का? चुना मोठा दाहक. कितीतरी रंग तो खाऊन टाकतो. प्रशियन ब्लू नावाचा सुंदर निळा चुन्यात चक्क तपकिरी पडतो. पिवडी ही लोहयुक्त माती, ती टिकते. भिंतीची नीळही टिकते.

ही नीळ म्हणजे चंपारणची नीळ असे पुष्कळांना वाटते. नव्हे! १९१७ साली गांधीजी ज्या नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी गेले, ती झाडाची, कापड रंगवायची. भिंतीच्या निळीचे मूळ दगडात आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांना पिवळी, तांबडी माती इथलीच मिळाली, पण निळ्यासाठी लाजवर्द दगड थेट अफगाणिस्तानकडून आणावा लागला. युरोपातही तो असाच महाग. शेवटी १८२४ साली फ्रान्समधल्या एका संस्थेने कृत्रिम लाजवर्दी करणाऱ्याला सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले आणि १८२८ साली गिमे नावाच्या गृहस्थाने ते पटकावले. (त्याच वर्षी जर्मनीच्या ग्मेलिननेही आपली कृती जाहीर केली. पहिला कोण, यावर वाद झालाच.) पुढे ही नीळ कारखान्यात बनू लागली आणि पुडीतून आमच्या आईच्या हातात आली. अजिंठ्यात जपून वापरलेला रंग तिने बाबांच्या धोतरांनाही लावला!

हे सगळे आठवायचे कारण, सौ.च्या खोलीला रंग द्यायचा आहे. तिला माहेरच्यासारखा निळसर हवा, चिरंजीव म्हणतात फिकट पिवळा. मन माझे निळ्याकडे, पण मत पिवळ्याला. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होते, निळा प्रकाश अडवते, निळ्या वस्तू मंद दिसू लागतात. खोलीला खिडकी एकच, तीही उत्तरेला. गेल्या पावसाळ्यात रात्री उठताना ती दारापाशी धडपडली होती. म्हणून भिंती पिवळ्या आणि दाराची चौकट गडद निळी, म्हणजे दार कुठे आहे ते लगेच कळेल, असे मी सुचवले.

"अहो, चौकटीवर बोळवण करताय होय?" ती म्हणाली. मग पलंगासमोरची भिंतही निळी ठरली. पेंटर सोमवारी येतोय.