आकड्यांतून घडलेला नायक

संगणकावरच्या रोल-प्लेइंग गेमचा प्राण कथेत असतो, असे सर्रास म्हटले जाते. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांचा खेळ आला आणि पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' यंत्रणेवर त्याचे संगणकी अवतार दिसू लागले. त्यांनी कथेला जवळजवळ फाटा दिला. उचलले ते पात्राच्या बळाचे, बुद्धीचे आकडे. १९८१च्या 'विझर्ड्री'त सहा जणांची तुकडी भुयारात उतरते, तेव्हाही घाव बसणार की हुकणार हे खेळाडूच्या बोटांच्या चपळाईवर ठरत नाही. पात्राच्या नोंदवलेल्या गुणांवर ठरते.

यावर कुणी विचारेल, मग १९८५च्या 'अल्टिमा ४'मधल्या नीतिमत्तेचे काय? तिथे आंधळ्या विक्रेत्याला कमी पैसे दिले, तर खेळ गुपचूप प्रामाणिकपणाचे गुण कापतो. म्हणजे नीतीसुद्धा आकड्यांतच मोजली गेली. आज नेमबाजीच्या खेळांतही 'लेव्हल' वाढतात, हे खरे. पण तिथे शेवटचा शब्द नेम धरणाऱ्या हाताचाच. कथा हा या प्रकाराचा दागिना आहे. पात्राची वाढती कुवत निर्णायक ठरणे, हेच त्याचे खरे लक्षण.