पर्जन्यप्रियांचीं नांवें

पावसाची ज्यास विशेष आवड, त्या मनुष्यास एका शब्दांत काय म्हणावें? इंग्रजींत 'प्लूव्हिओफाइल' हा शब्द त्याकरितां अलीकडे योजूं लागले आहेत. त्याचें पूर्वपद लॅटिन, उत्तरपद ग्रीक. तेव्हां शब्द संकरज खरा. 'ओम्ब्रोफिल' हा त्याचा शुद्ध ग्रीक भाऊबंद मात्र शास्त्रज्ञांच्या घरांतला. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ युलियुस व्हीझनर यांनीं १८९३ मध्यें तो वनस्पतींच्या विवेचनांत वापरला. कांहीं झाडांचीं पानें दीर्घकाळ पावसाची झोड सोसूनही टवटवीत राहतात, कांहींचीं लवकर कुजतात; पहिलीं पर्जन्यप्रिय, दुसरीं पर्जन्यद्वेष्टीं. येथें प्रीति म्हणजे केवळ सोशिकपणा.

आतां आमच्याकडील कोश उघडून पाहूं. अमरकोशांत चातकास 'सारंग' व 'स्तोकक' हे पर्याय आहेत. 'स्तोक' म्हणजे थेंब किंवा थोडकें, म्हणून थेंबासाठीं साद घालणारा तो स्तोकक. मोरास 'मेघनादानुलासी', म्हणजे मेघगर्जनेबरोबर नाचणारा, असें भारदस्त नांव आहे. बेडूकही 'वर्षाभू' म्हणून प्रतिष्ठा पावला आहे. पक्ष्यांना व बेडकांना मिळालेलें हें भाग्य पाऊसवेड्या माणसाच्या वांट्यास मात्र आलेलें आम्हांस दिसत नाहीं.

याचें कारण त्याच कोशांतील भूमिवर्गांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें. नदीच्या पाण्यावर धान्य पिकविणारा देश 'नदीमातृक' आणि पावसाच्या पाण्यावर पिकविणारा 'देवमातृक', असे दोन भेद तेथें केले आहेत. देव म्हणजे येथें वर्षणारा पर्जन्य. ज्या देशाची आईच पाऊस, तेथील माणसाने 'मला पाऊस आवडतो' असें वेगळें सांगावें तरी कशाला? आईवरच्या मायेस हौसेचें नांव कोणी देत नाहीं. मेघदूतांत कालिदासानें मेघाकडे स्निग्ध दृष्टीनें पाहणाऱ्या ग्रामस्त्रिया रंगविल्या आहेत, आणि त्या स्नेहाचें कारणही सांगितलें आहे: शेतीचें फळ सर्वस्वीं त्याच्या हातीं आहे.

मराठींत हा संबंध अधिकच उघडा झाला. पावशा पक्ष्याच्या ओरडण्यांत शेतकऱ्यास 'पेरते व्हा' अशी हांक ऐकूं येते. त्या हांकेंत करमणूक नाहीं, कामाचा तगादा आहे. देवमातृक भूमीसही आमच्या शेतकऱ्यानें स्वतःचें नांव दिलें: 'कोरडवाहू'. संस्कृतानें जिला पावसाची लेक म्हटलें, तिची मराठींतली ओळख कोरडेपणानें व्हावी, यांत केवढा अनुभव सांठला आहे! १८७६ ते १८७८ चा दुष्काळ व पुढें १९७२ चा दुष्काळ ज्या प्रदेशानें भोगला, त्याला आईच्या रुसव्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको.

म्हणून 'वर्षाप्रिय', 'पर्जन्यवेडा' असे शब्द कोणी नव्यानें घडविल्यास आमचा विरोध नाहीं. पक्क्या छपराखालीं बसून सरी पाहणाऱ्याचें सुख खोटें नव्हे, आणि त्यास नांव असावें. परंतु कोशकारानें त्या शब्दाशेजारीं 'देवमातृक' हा जुना शब्दही जिवंत ठेवावा. मृगाच्या आरंभीं बियाणें घरांत ठेवून आभाळाकडे पाहणारा मनुष्य कोणत्याच नव्या शब्दांत मावत नाहीं. या जुन्या शब्दांत तो, त्याची जमीन आणि त्याची धास्ती, तिन्हीं मावतात.