काडतूसपेटीचें माप : बुलढाणें जिल्ह्यांतील शिकारी बंदुका व त्यांचे परवाने

शिकारीच्या बंदुकींत एका वेळीं किती काडतुसें असावीं, हा प्रश्न पाश्चात्य देशांतील शिकाऱ्यांस नित्य पडतो. अमेरिकेंत १९३५ पासून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या शिकारींत तीनाहून अधिक काडतुसें घेणारी छऱ्यांची बंदूक चालत नाहीं. मूळची बंदूक पांच काडतुसांची असल्यास तिच्या पोटांत लांकडाची खुंटी बसवून जास्त जागा बुजवावी लागते. युरोपांत १९७९ च्या बर्न येथील करारानें, दोनाहून अधिक काडतुसांची पेटी असलेली व आपोआप भरणारी बंदूक शिकारीच्या निषिद्ध साधनांत घातली. कानडा देशांत अशा रायफलीस पांच काडतुसांची मर्यादा आहे. त्यामुळें तिकडील शिकारी दहांची पेटी काढून पांचांची किंवा दोनांची पेटी कोठें मिळते तें शोधीत असतो. आमच्या बुलढाणें जिल्ह्यांतील शिकाऱ्यास व शेतकऱ्यास हा शोध करावा लागला नाहीं. त्याची पेटी सरकारनें अगोदरच लहान करून, किंबहुना बहुतेकांच्या बाबतींत काढूनच घेऊन, ठेविली होती. हें कसें घडलें, व आपल्या घरोघरच्या दप्तरांत पडलेले बंदुकीचे परवाने ह्या गोष्टीची साक्ष कशी देतात, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. ज्या पेटींत काडतुसें एकावर एक बसतात तिला इंग्रजींत मॅगेझिन म्हणतात. ह्या शब्दाचें कूळ अरबी आहे. सांठविणें ह्या अर्थाच्या ‘खझन’ धातूपासून ‘मखझन’ म्हणजे कोठार, व त्याचें अनेकवचन ‘मखाझिन’. तें इटालियन व फ्रेंच ह्या भाषांतून इंग्रजींत गेलें. त्याच धातूचा ‘खजिना’ फारशीच्या वाटेनें आपल्या दप्तरांत येऊन बसला. तेव्हां मॅगेझिन व खजिना हीं एकाच आजाचीं नातवंडें होत. ‘बंदूक’ हा शब्दहि अरबीच असून त्याचा मूळ अर्थ एक कवचीचें फळ व तेवढी गोळी असा आहे. जुन्या तोड्याच्या बंदुकीस असा खजिना नव्हता. नळींत दारू व गोळी गजानें ठासावी, कानावर रंजक टाकावी व जामगी पेटवून बार काढावा, इतकेंच. एक बार झाला कीं पुन्हां आरंभापासून.

आपल्याकडे मृगयेस निर्बंध नव्हता असें नाहीं. कौटिल्यानें सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत अभयवनांतील मृगपक्ष्यांचा वध करणारास उत्तम दंड सांगितला आहे. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची यादी असून अमुक तिथींस मासे मारूं नयेत असेंहि आहे. म्हणजे स्थळ, काळ व जाति ह्या तीन बाजूंनीं निर्बंध घातला गेला. साधनावर बोट ठेविलेलें दिसतें तें मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत. पण तेथें विषय युद्धाचा आहे. कूट, कर्णी, विषदिग्ध व अग्निज्वलित आयुधांनीं शत्रूस मारूं नये असा तो निषेध आहे. व्याधाच्या वागुरेचा तेथें प्रश्न नाहीं. ही वागुरा आपल्या ‘वाघूर’ शब्दांत अद्यापि जिवंत आहे, हें जातां जातां नमूद करितों.

शिकाऱ्याच्या हातांतील साधन राज्यकर्त्यांनीं मोजावयास घेतलें तें इंग्रजी अमलांत. आणि तेंहि जनावराची कींव येऊन नव्हे. १८५७ च्या बंडाच्या वर्षींच शस्त्रांविषयीं २८ वा कायदा झाला, १८६० सालीं ३१ वा व १८७८ सालीं ११ वा. ह्या शेवटच्या कायद्यानें परवान्याची पद्धति कायम केली, व त्याखालील नियमांनीं युरोपियनांस सूट दिली. ह्या कायद्यानें प्रजेवर अकारण ठपका येतो, तो सौम्य करावा, असा ठराव राष्ट्रीय सभेनें मद्रासच्या अधिवेशनांत १८८७ सालींच केला होता. सैन्यांतहि तीच दृष्टि होती. बंडानंतर देशी पलटणींस मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यांत आल्या. गोऱ्या शिपायाच्या हातीं पेटीची ली-मेटफर्ड आली तेव्हां देशी शिपायास एकबारी मार्टिनी मिळाली. एक पायरी मागें ठेवण्याचें हें धोरण लक्षांत ठेविल्यावांचून पुढील मापांचा अर्थ लागत नाहीं.

वऱ्हाडाची गोष्ट आणखी थोडी निराळी. १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला व १९०२ सालीं कायमच्या पट्ट्यानें त्यांजकडे राहिला; परंतु स्वामित्व निजामाचें असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत, ते निराळ्या हुकुमानें लागू करावे लागत. आमच्या जिल्ह्यांतील जुना कागद वाचतांना ही गोष्ट विसरूं नये. तसेंच मुंबई राज्याचा वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा १९५१ चा कायदा कांहीं लेखक बुलढाण्यासहि त्याच सालापासून लावितात, तें बरोबर नाहीं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्यप्रदेशांत होता.

आतां मापें पाहूं. पहिलें माप नळीच्या व्यासाचें. सन १९०७ च्या सुमारास .४५० व्यासाच्या रायफली हिंदुस्थानांत व सुदानांत आणण्यास मनाई झाली. मार्टिनी-हेन्री ह्या लष्करी रायफलीची गोळी त्याच मापाची होती, व चोरीस गेलेल्या रायफलींस दारूगोळा मिळूं नये हा हेतु होता. लंडनच्या कारखानदारांनीं ह्यावर लागलीच तोड काढली : .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशीं नवीं मापें थोड्याच काळांत बाजारांत आलीं. वाघास किंवा गव्यास ह्या एवढ्याशा फरकाचें काय सुखदुःख! परंतु आजहि जुन्या संस्थानी बंदूकखान्यांत .४७० ची दुनळी दिसते तिचें मूळ ह्या मनाईंत आहे, शिकारींत नाहीं.

.३०३ ची कथा आपल्यास अधिक जवळची. तें सैन्याचें काडतूस, म्हणून तें खाजगी माणसास वर्ज्य. तेव्हां इंग्रजी कारखान्यांनीं ली-एन्फिल्डच्याच धाटणीची रायफल ऑस्ट्रियन आठ मिलिमीटर काडतुसासाठीं बनविली व तिला हिंदुस्थानांत ‘.३१५’ असें नांव पडलें. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनीं हीच परंपरा पुढें चालविली. ह्या रायफलीची पेटी पांच काडतुसांची आहे. सैन्याच्या ली-एन्फिल्डची पेटी दहांची असते, हें येथें ध्यानांत घ्यावें. यंत्र तेंच, खिट्टी तीच, आणि पेटी निम्मी! पाश्चात्य शिकारी जी निम्मी पेटी दुकानोदुकानीं शोधतो ती आपल्या शिकाऱ्याच्या हातीं रायफलीबरोबरच आली.

लांकडी खुंटीचा दाखलाहि आपल्याकडे आहे, पण तो शिकारीचा नव्हे. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यांत ली-एन्फिल्ड रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून .४१० मापाच्या मस्केटी तयार केल्या व त्या पोलिसांस व पहारेकऱ्यांस दिल्या. त्यांच्या पेटीच्या जागीं लांकडाचा ठोकळा बसवून त्या एकबारी केल्या होत्या. अमेरिकेंतील खुंटी बदकांसाठीं, इशापूरचा ठोकळा हत्यार हिसकावलें गेल्यास तें एकबारी रहावें म्हणून. काष्ठ तेंच, हेतु भिन्न. पुढें १९६२ च्या नियमांत ह्या .४१० च्या मस्केटी .३०३ च्या रायफलींबरोबरच निषिद्ध मापांच्या वर्गांत गेल्या, म्हणून ज्या संग्राहकास अशी मस्केट सांपडेल त्यानें तिचा ठोकळा पाहून ती निरुपद्रवी समजूं नये.

परंतु रायफली किती लोकांजवळ असणार? जिल्ह्यांतील सामान्य परवाना हा ठासणीच्या, म्हणजे भरमार बंदुकीचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक हीच मुख्य धरली आहे. ती पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तरच वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची दुसरी गुळगुळीत बंदूक द्यावी, असें तेथें म्हटलें आहे. पेटीच्या मापाचा हा शेवटला टप्पा होय. येथें पेटी शून्य काडतुसांची.

हिचा प्रत्यक्ष अर्थ घाटावरच्या व घाटाखालच्या शेतकऱ्यास विचारावा. मेहकर-लोणारकडे किंवा सातपुड्याच्या पायथ्याशीं संग्रामपूर-जळगांवकडे हरभरा घाट्यावर आला कीं रानडुकरांचा कळप व रोह्यांची खांडें रात्रीं उतरतात. माळ्यावर जागल करणाऱ्याजवळ गोफण, पत्र्याचा डबा व फार तर ही बंदूक. बार काढिला कीं पुन्हां दारू मोजून ओतणें, डट्टा ठोकणें, छरे घालणें, पुन्हां डट्टा, गज काढून घेणें, टोपी बसविणें. सरावलेल्या हातासहि उजेडांत अर्धें मिनिट लागतें, अंधारांत कितीतरी अधिक. तेवढ्यांत कळप निघून जातो. डुक्कर नुसतें जखमी झालें असेल तर तें एकतर रानांत कुजून मरतें, नाहींतर जागल्यावर उलटतें. ज्या नियमानें राज्य सुरक्षित झालें त्यानें जनावराचें हाल वांचले नाहींत, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

जनावरासाठीं म्हणून झालेले कायदे पाहिले तर ते ह्याच्या उलट दिशेस गेलेले दिसतात. १९१२ च्या ८ व्या कायद्यानें हरिण, गवे, मोर, तित्तिर इत्यादिकांस ठराविक महिन्यांत अभय देण्याची सोय केली. बंदुकीचा त्यानें विचार केला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तो केला. त्याच्या १७ व्या कलमांत मोटारींतून, रात्रीं, कृत्रिम उजेडांत, पाणवठ्यावर बसून, विषानें किंवा जाळ्यानें शिकार करण्यास मनाई होती. रानास आग लावून जनावर हांकण्यासहि होती, व हा निषेध अशोकाच्या त्याच स्तंभलेखांत आहे हें पाहून कोणाहि संस्कृतज्ञास आनंद वाटेल. मोठ्या जनावराची शिकार रायफलीनेंच करावी, छऱ्यांच्या बंदुकीनें करणें तर एकगोळी काडतुसासाठीं खास परवाना घ्यावा, असेंहि त्या कलमांत होतें. म्हणजे दयेनें बलवान हत्यार मागितलें आणि राज्याच्या भयानें दुर्बळ हत्यार दिलें. दोन्ही हुकूम एकाच माणसाच्या हातांत येऊन मिळाले. काडतुसांच्या संख्येचा मात्र त्या कलमांतहि उल्लेख नाहीं. १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचे परवानेच बंद झाले व तें कलम गळलें. १९९७ सालीं ज्ञानगंगा व अंबाबरवा हीं अभयारण्यें झालीं. कौटिल्याचें अभयवन आमच्या जिल्ह्यांत पुन्हां अवतरलें. २०१९ च्या डिसेंबरांत टिपेश्वरचा एक वाघ गळ्यांत पट्टा घेऊन शेंकडो कोस चालत ज्ञानगंगेंत येऊन पोंचला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. पिकाची नासाडी करणाऱ्या रोह्या-डुकरांपुरती मात्र ११ व्या कलमाची लेखी परवानगी राहिली आहे.

मग हिंदी कायद्यानें काडतुसें मोजलींच नाहींत काय? मोजलीं, पण बंदुकींत नव्हे, घरांत. परवान्यावर एका वेळीं जवळ ठेवावयाच्या काडतुसांचा वा दारूचा आकडा, व वर्षांत विकत घ्यावयाचा आकडा, असे दोन रकाने असतात. खजिना हा शब्द येथें यथार्थ होतो. पाश्चात्यांनीं बंदुकीच्या पोटांतील खजिना मोजला, आपल्याकडे परवानेदाराच्या फडताळांतील मोजला. १९५९ च्या कायद्यांत मॅगेझिन हा शब्द निषिद्ध शस्त्राच्या व्याख्येंत येतो, तोहि चाप दाबून धरला असतां पेटी रिकामी होईपर्यंत बार सुटत राहणाऱ्या शस्त्राविषयीं.

ह्या कारणानें जुना परवाना हा रद्दीचा कागद नव्हे. आपण सनदा, महजर व कुळकर्ण्यांचीं दप्तरें जपतों. परंतु ह्याच घराण्यांतील १९०० नंतरचा छापील परवाना मोडी नाहीं म्हणून बाजूस टाकतों. तो हातीं आल्यास पुढील गोष्टी टिपून घ्याव्या : बंदूक ठासणीची, टोपीची कीं काडतुसाची, नळी एक कीं दोन, व्यासाचें माप, हेतूच्या रकान्यांत शिकार, स्वसंरक्षण कीं पीकरक्षण, दारूचा व काडतुसांचा आकडा, परवाना किती गांवांपुरता, आणि पाठीवरील नूतनीकरणाचे शेरे. शेरे एकाएकीं थांबलेले आढळल्यास तें साल विशेष पहावें. मालकाचा मृत्यु, नवा कायदा किंवा बंदुकीची जप्ती, ह्यांपैकीं एक कारण बहुधा सांपडतें. एकाच गांवाचे पांचपंचवीस परवाने जमले तर तेथें कोणत्या जातीच्या, किती जमिनीच्या माणसास कोणतें हत्यार मिळालें, ह्याची यादी तयार होईल. ती अन्य साधनांतून मिळणें कठीण.

बंदुकीविषयीं मात्र सावध असावें. १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमानें जुन्या घडणीचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्याबाहेर ठेविलें आहे, परंतु तें दुरुस्तीनेंहि बार काढण्याजोगें नसलें तरच. भिंतीवर टांगलेल्या तोड्याच्या बंदुकीचा कान मोकळा व नळी धड असेल तर तिचा अगोदर अधिकाऱ्याकडून निर्णय करून घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनावरून दोनावर आली. त्यामुळें घरांतलें तिसरें, म्हणजे बहुधा सर्वांत जुनें हत्यार जमा करण्याची पाळी अनेकांवर आली. जमा करण्यापूर्वीं त्यावरील कारखान्याचें नांव, क्रमांक व मोडी अक्षरें असल्यास त्यांचा ठसा कागदावर उतरून परवान्याबरोबर बांधून ठेवावा.